घोटीचे परत अंक

पल्लवी कडूला पेपर वाचता यायच्या आधी कापता यायला लागला होता. घोटीच्या एस.टी. स्टँडसमोर तिचे वडील रावजी कडू बाकड्यावर पेपर मांडून बसत, आणि त्यांना लागूनच गोटीरामचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. गोटीराम रोज ‘दैनिक दशक्रोशी’चा एकच अंक घ्यायचा. दुसरा घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पण हॉटेलात सकाळपासून माणसांची रीघ, आणि चहा पिता पिता पेपर प्रत्येकालाच हवा. मग तो अंक उलगडून मधल्या घडीवरून कांद्याची सुरी फिरवायचा. आठ पानांच्या अंकाचे पाठपोट छापलेले चार सुटे कागद व्हायचे आणि चार टेबलांवर जायचे. भज्यांचा घाणा चालू असला की सुरी पल्लवीच्या हातात यायची. जीभ दातांत धरून ती अशी सरळ कापायची की गोटीराम म्हणायचा, “रावजी, ही पोरगी शिंप्याच्या घरात द्यायला पायजे.”

ते चार कागद गिऱ्हाइकांना तोंडपाठ होते. “भावाचा कागद टाक,” अशी हाक यायची. त्या कागदावर एका बाजूला भात, टोमॅटो, कोथिंबिरीचे भाव आणि पाठीवर निधनवार्ता. भाव बघायचा, कागद उलटायचा, कोण गेलं ते बघायचं, दशक्रिया रामकुंडावर कधी आहे ते ध्यानात ठेवायचं आणि उरलेला चहा संपवायचा. ड्रायव्हर लोक खेळाचा कागद मागत. शाळेचे मास्तर पहिला कागद एकदा धरला की सोडत नसत. तरी भांडण असं कधी होत नसे, कारण ज्याला जे हवं ते एका कागदावर पुरतं सापडायचं. ही मांडणी कोणी ठरवली हे ‘दशक्रोशी’च्या नाशिकच्या कचेरीतही कोणाला सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षं ती तशीच चालत आलेली होती.

रावजींचं शिक्षण बेताचं. पेपर ते वाचण्यापेक्षा विकत जास्त. पण एका बाबतीत माणूस कडक होता. दिवसभरात न खपलेले अंक ते संध्याकाळी सुतळीने बांधत आणि दुसऱ्या दिवशी नाशिकहून गठ्ठे घेऊन येणाऱ्या जीपमध्ये परत पाठवत. काही एजंट परत अंकांत हातचलाखी करत, रद्दीवाल्याशी संधान बांधत. रावजींना ते पटत नसे. “खपलं नाय तर नाय,” ते म्हणत. “त्यात लाजायचं काय? परत गेलेला पेपर मालकाला शहाणा करतो.” त्यांची गाठही वेगळी होती, दुहेरी फास देऊन वर एक छोटी सुरगाठ. कचेरीतला वितरणवाला ती लांबूनच ओळखायचा.

बारावीनंतर पल्लवी नाशिकला कमर्शियल आर्टचा डिप्लोमा करायला गेली आणि त्र्याण्णव साली ‘दशक्रोशी’तच पेस्टअपच्या टेबलावर लागली. तेव्हा बातम्या ब्रोमाइडच्या लांब पट्ट्यांवर निघत. त्या ब्लेडने कापायच्या, मोठ्या कागदावर चिकटवायच्या आणि पान उभं करायचं. शिंप्याच्या घरात ती गेली नाही, पण कापायचं काम काही सुटलं नाही. पुढे कॉम्प्युटर आले, ब्लेड ड्रॉवरमध्ये पडलं, जुने दोघं-तिघं कंटाळून निघून गेले. पल्लवी मात्र चिकाटीची. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती माउस फिरवत बसायची. मधे लग्न झालं, नवरा सातपूरला कंपनीत होता. आडनाव कागदोपत्री बदललं, पण कचेरीत ती कडूच राहिली.

दोन हजार पाच साली थोरल्या मालकांनी संपादकपदावर मुलाला बसवलं. मनोज हुशार होता, तरुण होता, आणि बापाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला पहिल्यांदा ती खुर्चीच बदलावीशी वाटते, तसं त्याचं झालं होतं. त्याने पल्लवीला बोलावलं आणि समोर अंक पसरला.

“पल्लवीताई, हा पेपर आहे की कोर्टाची नोटीस?”

पल्लवी हसली, कारण गेली काही वर्षं तिलाही तेच वाटत होतं. अक्षर बारीक, रकाने खेटून बसलेले, फोटो म्हणजे शाईचे डाग. मनोजला सगळं नवं हवं होतं: नवं शीर्ष, मोकळी पानं, रंग, आणि शिवाय वेबसाइट. मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांना अंक जसाच्या तसा इंटरनेटवर दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मांडणी करायची पल्लवीने. ती लोकांनी उचलली तर सगळ्या आवृत्त्यांच्या मांडणीची प्रमुख तीच होणार होती. ‘दशक्रोशी’त त्या खुर्चीवर आजवर बाई बसली नव्हती.

थोरल्या मालकांनी एक अट घातली. आधी एकाच आवृत्तीत करून बघा, परत अंक काय सांगतात ते पाहू, मग पुढचं. कुठली आवृत्ती, असा प्रश्न निघाला तेव्हा वितरणाचे सुनीलराव म्हणाले, “घोटी-इगतपुरी घ्या. घोटीचा गठ्ठा खोटं बोलत नाही.” पल्लवीला इतका अभिमान वाटला की तिने मान खाली घातली.

तिने जीव ओतून काम केलं. कचेरीच्या फरशीवर कागद पसरून ती गुडघ्यांवर बसायची, लांब जाऊन बघायची, परत जवळ यायची. पहिल्या पानावर मोठी बातमी थोडक्यात आणि खाली ‘पुढे पान सातवर’. निधनवार्तांना दुसऱ्या पानावर नेटकी चौकट. पण तिचा खरा जीव होता तो मधल्या दोन पानांवर. चौथं आणि पाचवं पान शेजारी शेजारी उघडतं. त्या दोन्हींवर मिळून तिने अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा काढला, हिरव्या आणि तांबूस रंगांत. त्यावरून आडव्या ओळी ओढल्या. डावीकडे शेतमालाची नावं, आणि त्याच ओळीत उजवीकडे नाशिक, घोटी, वणी असे बाजारांप्रमाणे भाव. एका नजरेत सगळा जिल्हा. मनोज ते बघून उभाच राहिला. “हे मुंबईच्या पेपरांनाही सुचलं नसतं,” तो म्हणाला. मुंबईच्या पेपरांना कोथिंबिरीच्या जुडीचं काय पडलंय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नाही.

दसऱ्याला नवा अंक निघाला. दुसऱ्या दिवशी जीप परत आली आणि घोटीचा गठ्ठा नव्हताच. सुनीलरावांना वाटलं, ड्रायव्हर विसरला. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, घोटीहून एकही अंक परत नाही. इगतपुरीहून यायचे, नेहमीपेक्षा थोडे जास्तच यायचे, पण घोटी कोरी. “इतक्या वर्षांत असं झालं नाही हो,” सुनीलराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः खाली जाऊन पेढे आणले.

पल्लवीने घरी फोन लावला. “आबा, लोक काय म्हणतात?”

“लोकं? खूश हायेत,” रावजी म्हणाले. “रंगीत हाय, चांगला दिसतो.” मग म्हणाले, “तू जेवलीस का?”

वेबसाइटही सुरू झाली. पुण्यात शिकणाऱ्या घोटीच्या एका पोराने लिहून कळवलं की नकाशाची दोन पानं वेगवेगळी उघडतात, एकावर नावं दिसतात आणि दुसऱ्यावर नुसते आकडे. मनोज म्हणाला, तो त्याच्या कॉम्प्युटरचा दोष असेल. घोटी डोळ्यांसमोर होती, तिथे पुण्याच्या एका पोराचं कोण मनावर घेतो? तुळशीच्या लग्नानंतर वणी, दिंडोरी, पेठ, सगळीकडे हीच मांडणी लावायचं ठरलं. खुर्चीचंही जवळजवळ पक्कं झालं. पल्लवी दिवाळीला माहेरी निघाली ती या आनंदात.

घोटीत नवा भात आला होता. घरोघर कणग्या भरत होत्या आणि बाजारात गरी-कोळपी तांदळाचा वास सुटला होता. आई भागीबाई भाऊबीजेसाठी करंज्यांचा दुसरा घाणा तळत होती. पल्लवी पदर खोचून मदतीला बसली. भागीबाईने झाऱ्याने करंज्या उचलल्या आणि तेल निथळायला पेपरवर टाकल्या. पल्लवीने सहज खाली पाहिलं. पेपर पसरला होता तो मधल्या पानांचा. करंज्या तिच्या नकाशावर पडल्या होत्या, दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत, आणि तेलाचे डाग पसरत चालले होते.

तिला आधी हसूच आलं. मग तिची नजर घडीवर गेली. पेपर बाकड्यावर मांडला, कोणी हाताळला, परत ठेवला की घडी मऊ पडते. एजंटाच्या पोरीला हे सांगावं लागत नाही. ही घडी मात्र गठ्ठ्यातून नुकतीच निघाल्यासारखी कडक होती. तिने तारीख पाहिली. दसऱ्याच्या दोनच दिवसांनंतरची.

“आई, हा कोरा पेपर कुठला गं?”

“माळ्यावरचा,” भागीबाई कढईतून नजर न काढता म्हणाली. “थप्पी हाय ना वर. घे अजून, चकल्यांना लागंल.” आणि मग तिचा झारा हवेतच राहिला. “तुला सांगू नको म्हणले होते गं तुझे आबा.”

पल्लवी शिडीवरून माळ्यावर चढली. तांदळाच्या पोत्यांच्या मागे, गोणपाटाखाली, तिचे अंक होते. दसऱ्यापासूनचे. नुसते एकावर एक रचलेले, एकालाही सुतळी नव्हती.

तिला राग आला. आधी रागच आला, हे इथे सांगायला हवं, कारण माया वगैरे जे काही असतं ते तिच्या मनात फार उशिरा आलं. आपल्या कामाचं गावभर हसं झालं असणार आणि आपण नाशकात पेढे खात होतो, या विचाराने तिचे कान तापले. ती खाली उतरली. रावजी ओट्यावर बसून आकाशकंदिलाची वायर सरळ करत होते.

“आबा, माळ्यावर काय आहे?”

“काय असनार? तांदूळ.”

“आणि?”

रावजींनी वायर बाजूला ठेवली. “सुतळी घेतली होती हातात,” ते म्हणाले. “पहिल्याच दिवशी. तुझं एवढं मोठं काम, आन् ते परत जायाचं ते बापाच्याच बाकड्यावरनं? नाय बांधवलं, पल्लवे.”

“आणि परत न गेलेल्या अंकांचे पदरचे पैसे भरलेत?”

“त्याचं काय घेऊन बसलीस.”

“तुम्हीच म्हणायचात ना, खपलं नाय तर नाय? परत गेलेला पेपर मालकाला शहाणा करतो?”

“ते दुसऱ्याच्या पोरांसाठी,” रावजी म्हणाले.

पल्लवी तिथेच खाली बसली. तिने विचारलं, “पण लोक घेत का नाहीत? काय वाईट आहे त्यात?”

“मला काय म्हाईत? माझ्यासमोर कोन बोलतंय? रावजीच्या पोरीचं काम म्हनून समदे चांगलंच म्हनत्यात. आन् जाताना दुसरा पेपर घिऊन जात्यात.”

भीड मोठी वाईट. बापाने मुलीच्या भिडेखातर अंक दडवले आणि गावाने बापाच्या भिडेखातर तोंड दडवलं. या सगळ्या चांगुलपणात खरं काय ते सांगायला एकही माणूस उरला नव्हता.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी बाकड्यावरून एक अंक उचलून गोटीरामच्या हॉटेलात शिरली. गोटीराम आता म्हातारा झाला होता, पण घाणा त्याचाच होता. टेबलांवर दुसऱ्याच पेपरचे कागद पडले होते. तिला बघताच तो ते गोळा करायला लागला.

“राहू द्या काका,” पल्लवी म्हणाली. “आपला अंक तुम्ही घेता ना?”

“घेतो की! रोज घेतो.”

“मग कुठे असतो?”

गोटीरामने भज्यांच्या परातीकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. पुड्या बांधलेल्या होत्या, नव्याकोऱ्या रंगीत कागदाच्या.

पल्लवीने कांद्यांजवळची सुरी घेतली, अंक पसरला, मधल्या घडीवर टोक टेकवलं आणि ओढलं. हात सरळच चालला, सवय मोडली नव्हती. सुरी जिल्ह्याच्या नकाशातून निम्म्यावर आली तेव्हा तिचा हात थांबला. शेतमालाची नावं एका बाजूला पडली होती आणि भाव दुसऱ्या बाजूला. तिने डोळे मिटले. मग उरलेलं कापून टाकलं आणि चारही कागद चार टेबलांवर नेऊन ठेवले, कारण शिक्षा अर्धी भोगून उपयोग नसतो.

फार वाट बघावी लागली नाही. भरवीरहून भात घेऊन आलेल्या एका माणसाने कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि पलीकडच्या टेबलावर ओरडला, “ए, कोळपीचा काय भाव हाय बघ!”

“इथं कोळपी नाय,” पलीकडून उत्तर आलं. “नुसते आकडे हायेत.”

“मग खालून तिसरा बघ!”

“खालून का वरून?”

“अरे, माझ्याकडं टोमॅटो हाय, तुझ्याकडं भाव हाय. दे इकडं!”

“मी का देऊ? तू दे!”

तिकडे पहिला कागद धरून बसलेले निवृत्त मास्तर बातमीच्या शेवटी आले, ‘पुढे पान सातवर’ वाचलं आणि चष्म्यावरून हॉटेलभर नजर फिरवली. सातवं पान एका ड्रायव्हरच्या हातात होतं आणि तो क्रिकेट वाचत होता. मास्तर उठले, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि ड्रायव्हरने वैतागून कागद मुडपला. एक म्हातारी बाई दाराशी उभी राहून विचारत होती, मयताचा कागद कुठाय, आज आमच्या सोयऱ्याचं छापून यायचं होतं. कोणालाच सांगता येईना.

“असं रोजचं झालं, पल्लवे,” गोटीराम हळूच म्हणाला. “एकदा तर कपबशा फुटल्या. म्हनून मग… तू मनाला लावून घेऊ नको. दिसायला लय झ्याक हाय.”

कोणा परक्याने ही चूक केली असती तर गोष्ट वेगळी. पुण्या-मुंबईचा चित्रकार, त्याला गोटीरामची सुरी काय ठाऊक! पण ज्या हाताने लहानपणी रोज हे कागद कापले, त्याच हाताने कापल्यावर मरणारी मांडणी करावी? नाशकात बारा वर्षं ती अंक फरशीवर अख्खा पसरून बघत आली होती. अख्खा अंक एकट्याच्या मालकीचा असणं ही चैन आहे, आणि आपल्या गावात ती कोणाला नाही, हे ती साफ विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि तिने ती गोटीरामला बोलून दाखवली. गोटीरामने तिला भज्यांची पुडी दिली, नकाशातली.

घरी येऊन तिने माळ्यावरचे अंक खाली काढले. रावजी आडवे आले. “नको नेऊ. तुझी खुर्ची जाईल.”

“जाऊ दे.”

“मी सांगतो त्यांना, माझीच चूक म्हनून. मीच नीट मांडले नाय.”

“आबा, सुतळी द्या,” पल्लवी म्हणाली.

त्यांनी दिली, पण गाठ मारली नाही. तिने स्वतःच जमेल तशी गाठ मारली आणि गठ्ठे जीपमध्ये टाकून नाशिक गाठलं.

वितरणाच्या टेबलावर तिने ते ठेवले तेव्हा मनोजही तिथेच होता. “घोटीचे परत अंक,” ती म्हणाली. “दसऱ्यापासूनचे.”

सुनीलरावांनी गाठीकडे पाहिलं. “ही रावजींची गाठ नाही.”

“नाही. माझी आहे. त्यांनी बांधलेच नव्हते.” आणि तिने सगळं सांगितलं, करंज्यांपासून कपबशांपर्यंत, काही न वगळता. सुनीलराव खुर्चीत बसले. मनोजपेक्षा धक्का त्यांनाच जास्त बसला होता. “रावजी कडू?” ते दोनदा म्हणाले. घोटीच्या गठ्ठ्यावर त्यांचा देवासारखा विश्वास होता.

थोरल्या मालकांनी ऐकून घेतलं आणि दोन वाक्यांत विषय संपवला. बाकीच्या आवृत्त्यांत जुनीच मांडणी राहील, आणि त्या खुर्चीचं पुन्हा नाव काढू नका. पल्लवीला हे अपेक्षितच होतं. ती एवढंच म्हणाली, “घोटी माझ्याकडे राहू द्या. एकदा अजून.” मालकांनी मुलाकडे पाहिलं. मनोज गोरामोरा झाला होता, पण माणूस पाठ फिरवणाऱ्यातला नव्हता. “राहू द्या, बाबा,” तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला पल्लवीने फरशीवर काही पसरलं नाही. ड्रॉवरमधलं जुनं ब्लेड काढलं. पानं तयार झाली की ती छापून घ्यायची, अंकासारखी घडी घालायची, मधोमध कापायची आणि चार कागद कचेरीच्या कँटीनमध्ये चार जणांना चार टेबलांवर द्यायची. स्वतः कोपऱ्यात चहा घेऊन बसायची. एकाने जरी दुसऱ्या टेबलाकडे बघून काही विचारलं तरी पान नापास. नकाशा गेला. ‘पुढे पान सातवर’ गेलं, बातमी जिथे सुरू तिथेच संपली पाहिजे, मग त्यासाठी कितीही छाटावी लागो. वार्ताहरांनी कटकट केली. तिने ती ऐकून घेतली आणि छाटलं. अक्षर मोठं ठेवलं, रंग ठेवला, मोकळीक ठेवली. भाव एका पानावर आले, नावं आणि आकडे शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पाठीवर निधनवार्ता, पूर्वीसारख्या, फक्त आता फोटोतला माणूस ओळखू येत होता.

गंमत म्हणजे मनोजच्या वेबसाइटचं अडलेलं घोडंही त्यातूनच सुटलं. पडद्यावरही एका वेळी एकच पान दिसतं, तिथेही कोणी अख्खा अंक पसरून बसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने अंक जसाच्या तसा दाखवायचा हट्ट सोडला आणि एकेक बातमी, भावांचा एकेक तक्ता, स्वतंत्र उघडेल असा लावला. पुण्याच्या त्या पोराची तक्रार पुन्हा आली नाही. मनोजने त्याला उत्तरही लिहिलं म्हणतात, दोष तुझ्या कॉम्प्युटरचा नव्हता म्हणून.

तुळशीचं लग्न झालं आणि घोटीचा नवा अंक पुन्हा निघाला. दुसऱ्या दिवशी जीप आली. घोटीचा गठ्ठा नव्हता.

सुनीलराव पल्लवीकडे बघायला तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. इगतपुरीचे परत अंक कमी झाले होते, ही चांगली खूण होती. पण घोटी? तिने फोन लावला.

“आबा, खरं सांगा.”

“खपले.”

“सगळे?”

“समदे.”

“माळ्यावर काय आहे?”

“तांदूळ,” रावजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता की चोरटा होता, हे काही तिला कळेना. आईला विचारलं, आई म्हणाली माळ्यावर काही नाही. पण आईवरही आता विश्वास कुठला? ज्या गठ्ठ्याच्या खरेपणावर अख्खी कचेरी चालायची, तो एकदा मायेपोटी खोटा झाला होता. आता खरोखर सगळे अंक खपले असले, तरी ते तिला कोण पटवून देणार? ती रोज सकाळी जीपची वाट बघायची आणि रिकामी जीप बघून हिरमुसायची. परत अंक यावेत म्हणून झुरणारी ती ‘दशक्रोशी’तली पहिलीच असेल.

पुढच्या आठवड्यात एक दिवस ती वितरणाच्या खोलीवरून जात असताना सुनीलरावांनी हाक मारली. त्यांचा चेहरा पडला होता. “घोटीहून आलेत,” ते म्हणाले. “थोडेच आहेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

टेबलावर एक लहानसा गठ्ठा होता, पाच-सहा अंकांचा. वर सुतळी होती. दुहेरी फास, त्यावर छोटी सुरगाठ.

पल्लवीने ती गाठ बोटाने चाचपून पाहिली. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली, तसे सुनीलराव घाबरून पाणी आणायला धावले. तिने तिथूनच घोटीला फोन लावला.

“आबा, अंक परत आले.”

“मग? गावात काल दोन लग्नं होती. समदे वऱ्हाडात. पेपर कोन घेतो?” रावजी म्हणाले. बाकड्यावर गिऱ्हाईक असावं, कारण ते घाईत होते. “खपलं नाय तर नाय. आता काय तुझ्यासाठी रोज खोटं बोलत बसू?”